शंका घेणारा माणूस

खडकवासला धरणसाखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली की 29.15 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी साठतं. टेमघर 3.71, वरसगाव 12.82, पानशेत 10.65 आणि खडकवासला 1.97. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. ते मला आमच्या वृत्तसंपादकांनी शिकवले, एका पावसाळी रात्री, पान सोडायची वेळ अगदी तोंडावर आलेली असताना. बातमीदाराने पाठवलेल्या कॉपीत लिहिलं होतं की दिवसभरात धरणसाखळीतून 29 टीएमसी पाणी नदीत सोडण्यात आलं. कॉपी माझ्या टेबलावर आली तेव्हा त्या ओळीखाली आधीच लाल रेघ होती.

"अगं, चारही धरणं पालथी केली तरी एवढंच पाणी निघेल," ते म्हणाले. "मग उद्या पुण्याने प्यायचं काय? फोन लाव त्याला."

फोन लावला. पाटबंधारे खात्याच्या एकाच प्रेसनोटमध्ये एकूण साठा आणि विसर्ग असे दोन्ही आकडे होते, आणि घाईत पहिला दुसऱ्याच्या जागी गेला होता. ओळ बदलली, पान गेलं. सकाळी अंक घरोघरी पडला तेव्हा त्या ओळीत काय छापून येणार होतं हे कुणालाच कळलं नाही. त्याच रात्री त्यांनी मला आणखी एक हिशेब सांगितला: 11,574 क्युसेकने (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) अखंड चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतो. एवढं डोक्यात असलं की विसर्गाचा कुठलाही आकडा समोर आला तरी तो शक्य आहे की नाही हे कागदावर मांडून बघता येतं.

आज मी कुठल्याच वर्तमानपत्रात नाही. स्वतःचं लिहिते, स्वतःच प्रसिद्ध करते. महापालिका, पाणी, नदी, शहरात बदलत जाणाऱ्या गोष्टी. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांशी बोलायला गेलं की हमखास एक प्रश्न येतो: ब्लॉग लिहिणाऱ्याला पत्रकार म्हणायचं का? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: लोकांनी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? पेपर असताना पेपरचं नाव होतं. आता काय आहे?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी वारंवार त्या लाल रेघेपाशी येऊन थांबते. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधे एक शंका घेणारा माणूस उभा होता. त्याचं नाव कुठे छापलं जात नसे. वर्तमानपत्राची पत म्हणून जे काही होतं, त्यातला फार मोठा वाटा त्या माणसाचा होता, असं माझं आता ठाम मत झालं आहे. छपाईयंत्र, इमारत, बोधचिन्ह, शंभर वर्षांची परंपरा हे सगळं त्याच्या नंतर.

डेस्क म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला फारसं माहीत नसतं. बातमीदार लोकांना दिसतो. पत्रकार परिषदेत पहिल्या रांगेत बसतो, त्याला बायलाइन मिळते, चौकात लोक ओळखतात. डेस्कवरची माणसं संध्याकाळी येतात आणि शहर झोपल्यावर घरी जातात. एका बातमीला किती हात लागायचे बघा. बातमीदार लिहायचा, मुख्य बातमीदार वाचायचा, उपसंपादक कापायचा आणि मथळा द्यायचा, मुद्रितशोधक अक्षर न् अक्षर तपासायचा, वृत्तसंपादक पान बघायचा. यातला प्रत्येक जण वेगळी शंका घ्यायचा. मुख्य बातमीदाराची शंका असायची, "हे तुला कुणी सांगितलं आणि त्याने का सांगितलं?" उपसंपादकाची असायची, "दुसऱ्या बाजूशी बोललास का?" मुद्रितशोधकाची शंका सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण: "तिसऱ्या परिच्छेदात हे गृहस्थ उपायुक्त आहेत आणि सातव्यात सहायक आयुक्त. नक्की कोण?"

आमच्याकडे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक होते. संस्कृत घेऊन बी.ए. झालेले, सदाशिव पेठेतले, रोज सायकलवर येणारे. त्यांना शहरातल्या प्रत्येक पुलाचं, चौकाचं आणि दवाखान्याचं नाव माहीत होतं. ते कधी बदललं आणि आधी काय होतं हेही. लकडी पुलाला संभाजी पूल लिहायचं की लकडी पूल, यावर ते अर्धा तास बोलू शकत. पण त्यांचा खरा उपयोग व्याकरणापलीकडचा होता. गुन्ह्याच्या बातमीत 'आरोपी'च्या जागी 'गुन्हेगार' आलं की ते पान अडवून ठेवत. न्यायालयाने ठरवण्याआधी आपण कुणाला गुन्हेगार म्हणायचं नाही, हे त्यांच्याकडून शिकलेली किमान दोन पिढ्यांची माणसं आज पुण्याच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत आहेत.

मग एका वर्षी मी काम करत होते त्या दैनिकाने मुद्रितशोधन विभागच बंद केला. बातमीदाराने थेट पानात मजकूर टाकायचा, असं ठरलं. संगणक चुका दाखवतो, मग माणसं कशाला, असा हिशेब होता. पुढे वेबसाइटचं वेगळं डेस्क आलं आणि तिथे तर वाचून मग प्रसिद्ध करणं हा क्रमच उलटला. आधी टाकायचं, नंतर बघायचं. तिथली मुलं हुशार होती, कष्टाळू होती, एकेका पाळीत डोळे फुटेस्तोवर काम करत होती. मला त्यांच्याबद्दल राग नाही, काळजी आहे. त्यांच्यावर शंका घेणारं कुणी नव्हतं, म्हणजे त्यांना शिकवणारंही कुणी नव्हतं.

पेपर म्हणजे विश्वासार्ह आणि ब्लॉग म्हणजे कुणाचंही काहीही, ही वाटणी मला म्हणूनच मान्य नाही. तो मधला माणूस छापील पेपरातूनही निघून जाऊ शकतो. कधी त्याला काढून टाकतात, कधी गप्प बसायला सांगतात. 2009 ची विधानसभा निवडणूक आठवा. त्या वेळी महाराष्ट्रात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी छापून आला होता. पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न त्यातून देशभर गाजला. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा 71 पानांचा अहवाल 2010 मध्ये तयार झाला, पण कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात बाहेर काढला नाही. छोटा अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला 2011 उजाडावं लागलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे.

त्या काळात डेस्कवर असलेल्या कुणालाही विचारा. असा मजकूर जाहिरात विभागाकडून यायचा आणि त्यावर शेरा असायचा, 'जसाच्या तसा'. म्हणजे हात लावायचा नाही, शंका घ्यायची नाही. मला त्या शेऱ्याची आजही चीड येते. एखादी जाहिरात जाहिरात म्हणून छापायला काहीच हरकत नव्हती. बातमीच्या टाइपात, बातमीच्या जागी, बातमीदाराच्या नावाने ती छापली, आणि वाचकाने ज्या विश्वासाने त्या रकान्याकडे बघितलं होतं तो विकला. तो विश्वास त्या मालकाचा नव्हताच. मुख्य बातमीदारांनी, उपसंपादकांनी, त्या सायकलवरच्या गृहस्थांनी रोज एकेक ओळ अडवून तो जमवला होता.

पुण्यात पत्रकारितेविषयी बोलताना केसरीवाड्यापर्यंत जाऊन यावंच लागतं. पण मी तिथली एक कमी अभिमानाची गोष्ट सांगणार आहे. 'केसरी' जानेवारी 1881 मध्ये सुरू झाला. वर्ष सरतं न सरतं तोच कोल्हापूर संस्थानचं प्रकरण आलं. तिथल्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशा बातम्या येत होत्या. बर्वे यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रं पुढे आली. 'केसरी' आणि त्याचं इंग्रजी भावंड 'मराठा' दोघांनी त्यावर कडक लिहिलं. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली तरी 17 जुलै 1882 रोजी त्यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात भोगली. थोडी सूट मिळून 101 दिवसांनी ते सुटले तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

ही गोष्ट आपल्याकडे शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य त्यात आहेच. स्वतःच्या नावाने लिहिलं, स्वतः तुरुंगात गेले, कुणा मुद्रकाला किंवा बातमी आणणाऱ्याला पुढे केलं नाही. पण मला त्यात बर्वे दिसतात. खोट्या पत्रांच्या आधारावर ज्याच्यावर एवढा मोठा आरोप झाला, तो माणूस. टिळक, आगरकर दोघेही त्या वेळी पंचविशीतले, कमालीचे बुद्धिमान, तत्त्वासाठी वाटेल ते सोसायला तयार. महाराजांबद्दलची त्यांची कळकळ खरी होती. त्या कळकळीमुळेच पत्रं खरी वाटली असणार. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं त्याचा पुरावा हातात आला की तो उलटून बघायला माणसाचं मन तयार नसतं. इतक्या मोठ्या माणसांचं नव्हतं, तर रात्री अकराला फोनवर कुठला तरी कागद बघून लिहायला बसणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय असेल? आपल्या कळकळीत सहभागी नसलेला माणूस जवळ लागतो तो यासाठी.

पुढे दोघांची वाट वेगळी झाली हे सर्वांना ठाऊक आहे. आगरकर 1887 मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. ज्या पत्राचे पहिले संपादक आपण होतो, तिथे आपल्याला जे म्हणायचं आहे ते म्हणता येत नाही, म्हणून स्वतःची जागा उभी करणारा संपादक. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली तरी त्यांनी लिहिणं बदललं नाही. आज नोकरी सोडून स्वतःच्या साइटवर लिहिणाऱ्या पत्रकारांना घरचे लोक म्हणतात, "चांगला पेपर सोडून हे काय?" त्यांना मी आगरकर सांगते. अर्थात आगरकरांची बुद्धी आणि सोसण्याची ताकद आपल्यात नसते. पण संस्थेतून बाहेर पडून आपल्या नावावर लिहिणं हे पुण्याच्या पत्रकारितेला नवं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

टोपणनावाचंही तसंच. 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली आणि पुण्याच्या ब्राह्मण समाजाला झोंबू लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. वाचकांना नाव माहीत नसलं तरी मुंबईत बसलेले संपादक भाऊ महाजन त्या मजकुराच्या मागे आपल्या नावानिशी उभे होते. मला टोपणनावाचा विरोध करायचा नाही; नोकरी, जात, घर, नवरा, अशा कितीतरी कारणांनी माणसाला नाव लपवावं लागतं, आणि बायकांना तर जास्तच. पण ज्या निनावी पानांवरून आज शहरातल्या कुणाच्याही चारित्र्यावर चिखल उडवला जातो, त्यांच्या मागे एकही भाऊ महाजन नसतो. लेखकाने तोंड झाकायला हरकत नाही, जाब द्यायला मात्र उघड्या तोंडाचं कुणीतरी हवं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडते आहे. पेपरातला शंका घेणारा माणूस कुणावर शंका घ्यायचा आणि कुणावर नाही, हेही बघायला हवं. पुण्यातल्या वर्तमानपत्रांचं जग बराच काळ ठरावीक पेठांतलं, ठरावीक आडनावांचं होतं. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये ही हकिगत लिहिली. ते पाक्षिक तर त्यांनी जवळजवळ एकहाती चालवलं, बहुतेक मजकूर स्वतः लिहून. मागे संस्था नव्हती, भांडवल नव्हतं, जाहिराती नव्हत्या. पण आज त्या काळातला महाराष्ट्र समजून घ्यायचा तर 'बहिष्कृत भारत'चे अंक वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

याच बाबासाहेबांनी संविधान सभेत, डिसेंबर 1948 मध्ये, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख घटनेत का नाही याचं उत्तर दिलं. वृत्तपत्राला नागरिकापेक्षा निराळा असा काही खास हक्क नाही. संपादक लिहितो तो नागरिक म्हणून आपला अभिव्यक्तीचा हक्क वापरूनच लिहितो, असा त्याचा आशय. म्हणजे ब्लॉग लिहिणाऱ्याला पत्रकार म्हणायचं का, या प्रश्नाचं घटनेपुरतं उत्तर तेव्हाच दिलं गेलं आहे. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका खिशात असलेला आणि नसलेला, दोघांचा लिहिण्याचा हक्क एकच. कायदे करताना मात्र आपण हे विसरतो. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्याने 2017 मध्ये कायदा केला, त्यात पत्रकाराची व्याख्या मुख्यतः माध्यमसंस्थेशी नोकरीने किंवा कराराने जोडलेला माणूस अशी आहे. एकट्याने लिहिणाऱ्या मुलीला वाळूवाल्याने धमकी दिली तर तिने कुठल्या संस्थेचं ओळखपत्र दाखवायचं?

पुण्यात गेल्या काही वर्षांत शहराबद्दलचं सर्वांत बारकाईचं लेखन मी वाचलं ते पत्रकारांचं नव्हतं. वेताळ टेकडीवरून जाणारा रस्ता असो की मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचा प्रकल्प, त्यावरचे अहवाल मुळापासून वाचून, नकाशे पसरून, माहितीच्या अधिकारात कागद मिळवून लिहिणारी माणसं वास्तुरचनाकार, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई, निवृत्त अधिकारी, गृहिणी अशी होती. 12 ऑक्टोबर 2005 रोजी माहितीचा अधिकार कायदा लागू झाला त्या दिवशीचा पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलिस ठाण्यात दिला गेला होता. या शहराला कागद मागायची सवय आहे. त्या माणसांचं लेखन वाचून मी नदीबद्दल जेवढं शिकले तेवढं कुठल्याही पत्रकार परिषदेत शिकले नव्हते.

त्यातले एक निवृत्त अभियंते माझ्या ओळखीचे आहेत. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, आता घरी बसून पाण्याबद्दल लिहितात. 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घुसलं, लोक झोपेतून उठून जिन्यांवर आले, आणि नंतर किती पाणी केव्हा सोडलं, कुणी कुणाला कळवलं यावर खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली. त्या दिवशी फोनवर आकड्यांचाही पूर आला होता. काही आकडे तर खडकवासल्याच्या सगळ्या सांडव्यांतून एकदम जाऊच शकणार नाहीत असे. या गृहस्थांनी तेव्हा लगेच काही लिहिलं नाही. चार-पाच दिवसांनी त्यांचा लेख माझ्याकडे आला, प्रसिद्ध करण्याआधी. सोबत दोन ओळी: "ताई, मी खात्यातला माणूस. खात्याची बाजू नकळत घेतली असेल तर तेवढं दाखवा. आणि हेच मी एकतानगरीतल्या एका रहिवाशांनाही पाठवलं आहे. त्यांना चुकीचं वाटलं तर मला सांगतील."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. या माणसाने कधी पत्रकारितेच्या वर्गात पाऊल टाकलेलं नाही. बातमीदारी, डेस्क, यातलं काही माहीत नाही. तरी त्याला नेमकं कळलं होतं की आपण कुठे आंधळे असू शकतो, आणि तिथे बघायला त्याने मुद्दाम असा माणूस बसवला की ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं. रहिवाशांनी तीन ठिकाणी आक्षेप घेतला. दोन त्यांनी मान्य करून मजकूर बदलला. तिसरा मान्य केला नाही, पण लेखातच लिहिलं की या मुद्द्यावर तिथल्या रहिवाशांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते असं असं आहे. मी नोकरीत असताना छापलेल्या कितीतरी बातम्यांपेक्षा तो लेख विश्वास ठेवण्याजोगा होता.

नोकरी करणारे पत्रकार जेव्हा स्वतःच्या पानावर लिहितात तेव्हा मला त्रास होतो तो नेमका इथे. दिवसा ऑफिसात तो 'सूत्रांनी सांगितले' असं सावध लिहितो. रात्री घरी आला की फेसबुकवर त्याच विषयावर नावं घेऊन, ठासून, जणू सगळं डोळ्यांनी बघितलं अशा थाटात लिहितो. हजारो लोक वाचतात, कारण नावापुढे पेपरचं नाव आहे. म्हणजे पत पेपरची वापरायची आणि पेपरातली चाळणी मात्र चुकवायची. माझ्या जवळच्या मित्रांशी मी यावरून भांडले आहे. त्यांचं म्हणणं, पेपर छापत नाही म्हणून आम्ही इथे लिहितो. ते पुष्कळदा खरंही असतं, बिल्डरची बातमी का थांबते हे मला कुणी सांगायला नको. पण मग पुराव्याचा कागद तिथे ठेवा. दुसऱ्या बाजूला काय विचारलं ते लिहा. पेपरने अडवलं असेल तर तेही नोकरीची किंमत मोजून लिहा, नाही तर नोकरी सोडून लिहा. आणि हातात कागद नसेल, तर जे दिवसा छापण्याइतकं पक्कं नव्हतं ते रात्री पक्कं कसं झालं?

त्यांच्या अडचणी मी कमी लेखत नाही. कायम नोकऱ्या गेल्या, करार आले. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 चा कायदा होता, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या, तरी त्या पगारासाठी भांडणाऱ्यांचं पुढे काय झालं हे नव्या पेठेतल्या पत्रकार भवनात कुणालाही विचारून बघा. तालुक्याच्या वार्ताहराला तर बातमीपेक्षा पुरवणीच्या जाहिरातींचं टार्गेट आधी असतं. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात बातमी लिहायची, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? पत टिकवायची तर ती टिकवणाऱ्याचं पोट भरायला हवं. आपण वाचक दूध, पेट्रोल, फोनचं रिचार्ज यांना वाढीव पैसे देतो आणि बातमी फुकट मागतो.

आता माझं स्वतःचं. मुद्रितशोधन विभाग बंद झाल्यावर ते सायकलवाले गृहस्थ घरी बसले होते. मी स्वतंत्र लिहायला लागले तेव्हा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "सर, माझं वाचाल का? पैसे देईन, थोडेच देऊ शकेन." पैसे ते घ्यायला तयार नव्हते. मीच हट्ट धरला, कारण फुकट वाचणारा माणूस हळूहळू कौतुक करायला लागतो. आता माझा प्रत्येक लेख आधी त्यांच्याकडे जातो. ते कागदावर छापून घेतात आणि समासात पेन्सिलीने लिहितात. सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शेरा आहे, "हे तुला कसं कळलं?" कधी उत्तर असतं. कधी नसतं, मग वाक्य जातं. एकदा मी लिहिलं होतं की नगरसेवकांनी या विषयाकडे पाठ फिरवली. समासात आलं, "सगळ्यांनी? विचारलंस?" विचारलं. दोघांनी महापालिकेत लेखी प्रश्न दिले होते. लेख त्यामुळे बदलला, आणि जास्त चांगला झाला.

दुसरी सोय मी अभियंत्यांकडून उचलली. ज्या विषयावर लिहिते त्यातल्या मला न पटणाऱ्या बाजूचा एक माणूस शोधते आणि त्याला तथ्यांचा भाग दाखवते. मतं दाखवत नाही, मतं माझी. पण आकडे, तारखा, कोण कोणत्या बैठकीला होतं, हे त्यालाही मान्य आहे का एवढं विचारते. काही जण उत्तर देत नाहीत, काही चिडतात. एका ठेकेदारांनी मात्र असा कागद पाठवला की माझ्या लेखाचा अर्धा भाग मला नव्याने लिहावा लागला, आणि उरलेला अर्धा त्यांच्याच विरोधात आणखी भक्कम झाला. प्रसिद्ध झाल्यावर काही बदललं तर जुनं वाक्य पुसत नाही. त्यावर काट मारून शेजारी तारीख टाकते. पैसे कुणाकडून येतात त्यांची यादी साइटवर आहे. एका बांधकाम व्यावसायिकाने देणगी देऊ केली होती, ती नाकारली हेही तिथे लिहिलं आहे.

हे सगळं हळू चालतं. पुण्यात एखादी गोष्ट घडली की सगळीकडे व्हिडिओ फिरून, माफ्या मागून होतात आणि मग माझा लेख येतो. वाचक कमी आहेत. पण त्यांतले काही असे आहेत की चूक सापडली तर लगेच कळवतात, पुराव्यासकट. धायरीच्या एक शिक्षिका टँकरच्या फेऱ्यांची वही ठेवतात, सोसायटीच्या फाटकावर, तारीख आणि वेळेसकट. पालिकेच्या आकड्यांवर मी लिहिलं की त्या वहीतले आकडे पाठवतात.

सध्या त्या वहीवरच काम चालू आहे. आजूबाजूच्या आणखी काही सोसायट्यांनी तशीच नोंद ठेवायला सुरुवात केली आहे, आणि त्या नोंदी नि टँकरच्या अधिकृत फेऱ्या यांचा मेळ बसत नाही. किती बसत नाही ते आज सांगणार नाही, कारण समासात अजून चार शेरे आहेत. एक असा की एकाच टँकरची दोन सोसायट्यांत दोनदा नोंद झाली नाही ना. गाडीच्या नंबरावरून ते तपासतो आहोत. पाणीपुरवठा विभागाला प्रश्न लेखी दिले आहेत, पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की पूर्ण छापेन. नाही आलं तर काय विचारलं होतं, कुणाला आणि कोणत्या तारखेला, हे लेखात असेल.